हवेतल्या गाठीभेटी – लेखांक ९ : खबर एका ओळीची

गेल्या आठवड्यात आपण 'पाइल-अप' पाहिला. एखादं दुर्मिळ स्टेशन हवेत आलं की शेकडो हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, एकाच वेळी त्याला हाका मारतात आणि पलीकडचा ऑपरेटर त्या गलक्यातून एकेक कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची परवान्यावरची ओळख, निवडून काढतो. पण ही सगळी मंडळी दोन-चार मिनिटांत एकाच जागी जमतात कशी? नुसत्या २० मीटर बँडची रुंदी ३५० किलोहर्ट्झ आहे, आणि शॉर्टवेव्हवर असे आणखी किती तरी बँड. सगळे जण डायल फिरवत योगायोगाने तिथे पोचले, असं होत नाही. त्यांना खबर लागलेली असते. ती पोचवणारी व्यवस्था म्हणजे डीएक्स क्लस्टर ('डीएक्स' म्हणजे दूरचं स्टेशन).

खबरीची एवढी किंमत का, ते आधी पाहू. अमेरिकेच्या एआरआरएल या संस्थेच्या डीएक्ससीसी यादीत आज ३४० 'एंटिटी' आहेत. यात देश आहेत तशी दूरची बेटंही आहेत, आणि यातल्या जास्तीत जास्त ठिकाणांशी बोलणं ही अनेक हॅमची हौस. आपलं अंदमान-निकोबार (कॉलसाइनचा उपसर्ग व्हीयू४) आणि लक्षद्वीप (व्हीयू७) या यादीत मुख्य भूमीपासून वेगळं मोजलं जातं. दक्षिण अटलांटिकमधलं नॉर्वेचं बूवे बेट तर बर्फाखालीच असतं. तिथे माणूस राहत नाही, त्यामुळे कोणी तरी जीव धोक्यात घालून जहाजाने गेलं तरच ते हवेत येणार. २०२३ च्या फेब्रुवारीत एक चमू तिथे उतरला होता. असं स्टेशन काही दिवसच चालतं आणि त्यातही आपल्यापर्यंत त्याचा आवाज दिवसातून तासाभरापुरताच येतो. तो तास हुकला तर पुढची संधी यायला दहा वर्षंही लागू शकतात.

पूर्वी यावर उपाय होता टेलिफोनचा. एकाने ऐकलं की तो दोघांना फोन करी, ते आणखी दोघांना. काही गावांतले हॅम २ मीटर बँडवर एक ठरावीक फ्रिक्वेन्सी उघडी ठेवून बसत आणि तिथे आवाज देत. कोण कुठल्या बेटावर कधी जाणार याची छापील पत्रकं टपालाने यायची. मोहीम कधी आहे ते त्यातून कळे. या क्षणी ती कुठे ऐकू येतेय, ते नाही.

१९८० च्या दशकात हॅम लोकांच्या हाती पॅकेट रेडिओ आला. रेडिओ आणि संगणक यांच्यामध्ये टीएनसी नावाची एक डबी बसवायची. ती टाइप केलेल्या मजकुराचे छोटे तुकडे करून हवेतून पाठवी आणि पलीकडची डबी ते पुन्हा जुळवी. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने मुंगीचाच. पण एका ओळीच्या निरोपाला तो पुरून उरतो. अमेरिकेतल्या डिक नेवेल (कॉलसाइन एके१ए) यांनी दशकाच्या उत्तरार्धात यावर 'पॅकेटक्लस्टर' हा प्रोग्रॅम लिहिला. एखाद्याच्या घरी एक संगणक आणि २ मीटरचा रेडिओ कायम चालू ठेवायचा. हा झाला 'नोड'. परिसरातल्या हॅमनी आपापल्या घरून त्याला जोडून घ्यायचं. एकाने ओळ टाइप केली की जोडलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर ती उमटते. पुढे नोड नोडला जोडले गेले आणि गावातली खबर जिल्ह्यात, देशात जाऊ लागली. १९९० च्या दशकात इंटरनेट आलं, तेव्हा हवेतल्या या जोडण्यांची जागा केबलींनी घेतली. व्यवस्था मात्र तीच राहिली. आज बरेच नोड 'डीएक्सस्पायडर'वर चालतात. इंग्लंडच्या डर्क कूपमन (जी१टीएलएच) यांनी १९९८ मध्ये तो पर्ल भाषेत लिहायला घेतला. कॅनडातून आलेला 'सीसी क्लस्टर' हाही बराच वापरात आहे. दोन्हीकडे जोडायची रीत अजून टेलनेटचीच आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र नाही, जाहिरात नाही. मला यात जुनाटपणा दिसत नाही. जे काम एका ओळीत भागतं त्याला पान कशाला हवं?

त्या ओळीला 'स्पॉट' म्हणतात. सुरुवातीला खबर देणाऱ्याचा कॉलसाइन, मग किलोहर्ट्झमध्ये फ्रिक्वेन्सी, मग ज्याला ऐकलं त्याचा कॉलसाइन, मग दोन शब्दांची टीप आणि शेवटी जागतिक वेळ. टीपेत 'अप ५' असं दिसलं तर समजायचं की हा गडी स्वतः बोलतोय त्याच्या ५ किलोहर्ट्झ वर ऐकतोय. हाक तिथे मारायची. वेळ साडेपाच तासांनी मागे असते, हे आपल्याकडचे नवखे विसरतात आणि आत्ताचा स्पॉट पहाटेचा समजून सोडून देतात.

ही ओळ एका नोडकडून दुसऱ्याकडे कशी जाते ते गमतीचं आहे. नोड एकमेकांशी बोलतात ती भाषा अजून नेवेल यांच्या प्रोग्रॅमवरूनच आलेली आहे. त्यांच्यातल्या निरोपांना क्रमांक आहेत आणि 'पीसी११' हा स्पॉटचा. अडचण अशी की नोडांचं जाळं सरळ रेषेत नसतं. पुण्याचा निरोप समजा इटलीमार्गे आणि जपानमार्गे अशा दोन वाटांनी अमेरिकेत पोचला, तर तो दोनदा दिसेल. आणि वाट गोल असेल तर फिरतच राहील. व्हॉट्सअॅपवरचा एकच निरोप सासरच्या, माहेरच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवरून तीनदा येतो, तसाच प्रकार. क्लस्टरने यावर दोन उपाय ठेवले. निरोपाच्या शेपटीला एक आकडा असतो आणि प्रत्येक नोड ओलांडताना तो एकाने कमी होतो. शून्य झाला की निरोप तिथेच संपला. दुसरं म्हणजे प्रत्येक नोड नुकतेच आलेले स्पॉट लक्षात ठेवतो आणि तोच पुन्हा आला तर गपचूप टाकून देतो. हे सगळं हौशी माणसांनी, आपापल्या घरच्या विजेवर आणि बिनपैशाने उभं केलेलं आहे.

आता सावधगिरीचं. स्पॉट म्हणजे दुसऱ्याच्या कानाने ऐकलेलं. इटलीतल्या हॅमला कॅरिबियनमधलं स्टेशन दणक्यात ऐकू येतंय, याचा अर्थ नाशिकला त्याच फ्रिक्वेन्सीवर नुसती खरखर नसेल असा नाही. शॉर्टवेव्हच्या लहरी आयनोस्फिअरवरून परततात आणि कुठली वाट केव्हा उघडी हे सूर्य ठरवतो. म्हणून क्लस्टरला गाळणी लावायची असते. स्पॉट कुठल्या प्रदेशातून आलेत त्यावरून ते निवडता येतात. ठरावीक वेळेत जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायच्या हॅम स्पर्धा असतात; त्यांच्या झोनवाटपात आपण २२ व्या झोनमध्ये येतो (अंदमान २६ व्या). आपल्या आणि शेजारच्या झोनमधल्यांनी दिलेले स्पॉट तेवढे येऊ द्या, अशी आज्ञा नोडला एकदाच द्यायची. श्रीलंकेतल्या किंवा चेन्नईतल्या हॅमने ऐकलं असेल तर आपल्यालाही ऐकू येण्याची आशा बरीच. गाळणी न लावता क्लस्टर उघडलं की स्पर्धेच्या शनिवार-रविवारी पडदा इतक्या वेगाने सरकतो की वाचणंच होत नाही. नवखा घाबरून बंद करतो तो इथेच.

दुसरा धोका चुकीच्या कॉलसाइनचा. मोर्समध्ये व्ही म्हणजे तीन टिंबं एक रेघ, यू म्हणजे दोन टिंबं एक रेघ आणि ४ म्हणजे चार टिंबं एक रेघ. म्हणजे अंदमानचा 'व्हीयू४' हा उपसर्ग सगळा एकाच चालीचा. एखादं टिंब खरखरीत बुडालं की दुसरंच काही ऐकू येतं. एकाने चुकीचं ऐकून स्पॉट टाकला की पुढचे पन्नास जण पडद्यावरचाच कॉलसाइन वहीत उतरवतात. प्रत्यक्ष काय वाजतंय तिकडे कोणाचं लक्षच नसतं. स्पर्धेत पुढे दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहतात, तेव्हा असल्या नोंदीचे गुण जातात आणि अनेक स्पर्धांत वर दंडही बसतो. माझं मत याबाबत कडक आहे. समोरच्या स्टेशनच्या तोंडून कॉलसाइन स्वतः ऐकला नाही, तर ती भेट झालीच नाही.

खोडसाळपणाही चालतो. बहुतेक नोड पासवर्ड विचारत नाहीत. कॉलसाइन सांगितला की दार उघडतं. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने खोटे स्पॉट किंवा टीपेत शिवीगाळ हे प्रकार होतात. नोड चालवणाऱ्याला, म्हणजे सिसॉपला, अशा कॉलसाइनवर बंदी घालता येते, अपशब्दांची यादीही देता येते. नोडांमधल्या नव्या निरोपांत तर पाठवणाऱ्याचा आयपी पत्ताही जातो. स्वतःचाच स्पॉट स्वतः टाकणं हा वेगळाच वादाचा विषय. बऱ्याच स्पर्धांनी तो गुन्हा मानला. उलट पाठीवर बॅटरी घेऊन डोंगरमाथ्यावरून बोलणाऱ्या 'सोटा'च्या मंडळींत तो शिष्टाचार आहे. ते योग्यच. पाच वॅटवर बोलणारा माणूस वर आहे हे खाली कोणाला कळणार?

२००८ मध्ये या गोष्टीला नवं वळण लागलं. कॅनडातल्या अॅलेक्स शोव्कोप्लयास (व्हीई३एनईए) यांनी 'सीडब्ल्यू स्किमर' हा प्रोग्रॅम आणला. रुंद पट्टा एकदम ऐकणारा रिसीव्हर त्याला जोडला की तो शेकडो मोर्स संकेत एकाच वेळी वाचतो आणि 'सीक्यू' म्हणजे सार्वजनिक हाक देणाऱ्यांचे कॉलसाइन वेचून काढतो. जगभरचे असे रिसीव्हर एकत्र गुंफून 'रिव्हर्स बीकन नेटवर्क' उभं राहिलं. इथे खबर माणूस देत नाही, यंत्र देतं. सोबत संकेत गोंगाटाच्या किती डेसिबल वर आहे आणि मोर्सचा वेग किती हेही सांगतं. यंत्रही चुकतं. पण ते कंटाळत नाही, आणि मित्राचा स्पॉट टाकून त्याची भलामणही करत नाही.

आपल्याकडच्या छोट्या स्टेशनांना याचा खरा फायदा वेगळाच आहे. गच्चीवर २० मीटरचा डायपोल, म्हणजे साधारण १० मीटर लांबीची तार, बांधलीत. ती चालते की नाही हे कसं कळणार? दोन मिनिटं 'सीक्यू' पाठवा आणि नेटवर्क उघडून आपला कॉलसाइन शोधा. संध्याकाळी युरोपातले दोन-तीन रिसीव्हर तुम्हाला ऐकल्याचं सांगतील. आकडे टिपून ठेवा. मग तार थोडी वर करा, दिशा बदला, पुन्हा पाठवा. एका दिवसाच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, कारण वरचं आयनोस्फिअर रोज निराळं असतं.

हौशी लोकांनी साठवलेली ही माहिती शास्त्रज्ञांच्याही कामी आली. १३ मे २०१३ च्या सौरज्वालेने शॉर्टवेव्हच्या वाटा कशा बंद पाडल्या ते या नोंदींवरून पाहता आलं. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेवरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली सरकली, तेव्हा हॅम मंडळींनी मुद्दाम भरपूर बोलून नोंदी तयार केल्या. सावलीखाली आयनोस्फिअर कसं बदलतं हे संशोधकांनी त्यातून तपासलं.

एक तक्रार जुने लोक नेहमी करतात, की क्लस्टरने शिकारीची मजा घालवली. स्पॉटवर माउसने टिचकी मारली की रेडिओ आपोआप त्या फ्रिक्वेन्सीवर जातो. मग कौशल्य कसलं? तक्रारीत तथ्य आहे. अनेक स्पर्धांनी म्हणूनच क्लस्टर वापरणाऱ्यांचा वेगळा, 'असिस्टेड', गट केला. पण फ्रिक्वेन्सीवर पोचणं हे काम पाव हिस्साच. गलक्यात आपली हाक केव्हा आणि कुठे टाकायची, हे कुठलाही नोड सांगत नाही. उलट टिचकी मारून लगेच ओरडणारे, समोरचं स्टेशन ऐकूच येत नसताना हाका मारणारे, यांनीच पाइल-अप नासवलेत.

आणि स्पॉट न टाकण्याचीही एक वेळ असते. २००४ च्या डिसेंबरात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक चमू पोर्ट ब्लेअरला होता. १९८७ नंतर अंदमान पहिल्यांदाच हवेत आलं होतं, त्यामुळे व्हीयू४आरबीआय हा कॉलसाइन मिळवायला जगभर झुंबड उडाली होती. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडली. गमतीसाठी लावलेला तोच रेडिओ मग बेटांवरच्या लोकांची खबर मुख्य भूमीवर पोचवू लागला. अशा वेळी त्या फ्रिक्वेन्सीवर एकेका निरोपाला मोल असतं. दुर्मिळ कॉलसाइन दिसला म्हणून सवयीने स्पॉट टाकला, तर गर्दी नेमकी तिथेच लोटते. संकटकाळच्या फ्रिक्वेन्सीचा स्पॉट कधीही 'मिळवा एकदाचं' या थाटात टाकायचा नाही. टाकलाच तर टीपेत 'आपत्कालीन, हाक मारू नका' एवढं लिहून.

परवाना मिळालेल्या वाचकांनी या आठवड्यात एखाद्या नोडला जोडून पाहावं आणि निदान पहिले चार दिवस नुसतं वाचावं. परवाना नसलेल्यांना रिव्हर्स बीकन नेटवर्क पाहायला काहीच अडचण नाही. तिथे 'व्हीयू'ने सुरू होणारे कॉलसाइन शोधा, म्हणजे भारतातून आत्ता कोण मोर्स पाठवतंय आणि ते कुठवर पोचतंय हे दिसेल. पुढच्या लेखात २०१७ मध्ये आलेल्या एफटी८ या संगणकाने चालणाऱ्या संदेशपद्धतीबद्दल. ज्यांना मोर्स येत नाही त्यांच्यासाठी तो लेख विशेष उपयोगाचा आहे.