नॉमिनेट म्हणजे नेमकं काय? एक शब्द, तीन अर्थ

महापालिकेत 'नॉमिनेटेड' नगरसेवक, बँकेत 'नॉमिनी' आणि मोबाइलवर 'ऑस्करसाठी नॉमिनेट'. नाशिककरांच्या कानावर हा शब्द रोज पडतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. मूळ लॅटिन शब्द 'नोमेन', म्हणजे नाव. आपला 'नाम' हा शब्दही त्याच कुळातला.

१. नाव सुचवणे
निवडणुकीत 'नॉमिनेशन' म्हणजे उमेदवारी अर्ज. लोकसभेसाठी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पुरस्कारांमध्ये नॉमिनेशन म्हणजे नामांकन, अर्थात अंतिम यादीत नाव येणं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळकेंवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ मध्ये भारताने ऑस्करला पाठवला, पण त्याला नामांकन मिळालं नाही. म्हणून तो 'नॉमिनेट झाला' असं म्हणणं चूक. तो भारताची अधिकृत प्रवेशिका होता.

२. नेमणूक करणे
इथे निवडणूक नसते, थेट नियुक्ती होते. राज्यसभेवर राष्ट्रपती १२ सदस्य असेच नेमतात. नाशिक महापालिकेत १२२ नगरसेवक लोकांमधून निवडून येतात. त्यांच्याशिवाय जे नेमले जातात ते 'स्वीकृत' नगरसेवक. त्यांना सभेत बोलता येतं, पण राज्यघटनेच्या कलम २४३-आर नुसार मतदान करता येत नाही.

३. पैसे स्वीकारण्यासाठी नाव देणे
सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खातेदाराच्या मृत्यूनंतर बँक त्याच्या हाती पैसे देते, मात्र त्यावर हक्क मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार वारसांचाच राहतो. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच स्पष्ट केलं. आयुर्विमा मात्र थोडा वेगळा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील, तर विम्याची रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. तरीही पैसे कोणाला मिळावेत हे ठरवायचं असेल, तर नॉमिनीसोबत मृत्युपत्रही करा. नाहीतर फॉर्मवर एकाचं नाव आणि हक्क दुसऱ्याचा, अशा वेळी घरातलीच माणसं कोर्टाची पायरी चढतात.