सुईची परीक्षा आणि वालुमाशीची

लीशमॅनिया या परजीवीचा कातडीवरचा व्रण एकदा भरला, की त्याच जातीचा परजीवी सहसा पुन्हा तशी जखम करत नाही. म्हणून मध्यपूर्वेत आणि मध्य आशियात ओल्या व्रणातला स्राव मुलांच्या झाकल्या अंगावर मुद्दाम टोचत, पुढे चेहरा विद्रूप होऊ नये म्हणून. 1980 च्या दशकात इराणने युद्धकाळात जिवंत परजीवी सैनिकांनाही टोचला. संरक्षण मिळाले, पण काहींचे व्रण महिनोन्महिने भरेनात. या अनुभवातून मला एकच निष्कर्ष पटतो: लस जिवंत परजीवीचीच हवी, मात्र त्याची वाढ खुंटवलेली हवी. मेलेल्या परजीवीची लस अधिक सुरक्षित हे खरे, पण 2009 मध्ये उंदरांवर अशी लस सुईने दिलेल्या संसर्गापुढे टिकली आणि परजीवी पसरवणाऱ्या वालुमाशीच्या चाव्यापुढे हरली. माशी परजीवीबरोबर लाळ सोडते, चाव्याभोवती न्यूट्रोफिल पेशी गोळा होतात. ही सगळी धांदल सुईच्या टोकाशी नसते.

ओहायो स्टेट विद्यापीठातले अभय सातोसकर आणि अमेरिकी औषध प्रशासनातले त्यांचे सहकारी यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेले काम म्हणूनच मोलाचे वाटते. त्यांनी क्रिस्परने परजीवीतले सेंट्रिन जनुक काढून टाकले. असा परजीवी फ्लास्कमध्ये वाढतो, पण शरीरातल्या पेशीत शिरल्यावर त्याला विभागता येत नाही. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने तो बायोरिअॅक्टरमध्ये वाढवला, कारण लस व्हायची तर दर खेपेला माल सारखाच निघायला हवा. तो पुन्हा बळावला तर? रास्त शंका. काढलेले जनुक आपोआप परत येत नाही, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांतही त्याने व्रण केले नाहीत. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

दुसरा आक्षेप इंदुरात सहज सुचेल: लीशमॅनियाच्याच दुसऱ्या जातीमुळे होणारा काळा आजार बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, बंगालचा, आणि तोही ओसरतो आहे, मग लस कशाला? पण बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या कातडीवर पुढे डाग उठतात, आणि त्यांचे रक्त शोषणारी माशी पुन्हा परजीवी घेऊन उडते. 2021 च्या प्रयोगात कातडीच्या परजीवीपासून केलेल्या याच लसीने हॅमस्टरना माशीच्या चाव्यातून होणाऱ्या काळ्या आजारापासून वाचवले. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने स्वयंसेवकांना संसर्गित वालुमाशी चाववण्याची पद्धत 2024 मध्ये प्रसिद्ध केली आहे, त्यामुळे माणसावरची परीक्षाही आता त्याच चाव्याने घेता येईल.