"घरीच तर असतेस!" : घरून काम करणाऱ्या भगिनी आणि घरातला मश्वरा

लॅपटॉपवर मीटिंग चालू आहे, कुकरची तिसरी शिटी झाली आहे, दारावर कुणीतरी बेल वाजवतंय आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "जरा बघ ना, तू घरीच तर आहेस!" घरून काम करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी हे वाक्य रोज ऐकतात. कोणी ऑनलाइन शिकवणी घेते, कोणी शिलाई करते, कोणी डबे देते, कोणी कंपनीचे काम करते. अडचण मात्र सगळ्यांची एकच. बाहेर जाणाऱ्याचे काम घराला दिसते, घरात बसून केलेले दिसत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी २८९ मिनिटांचा वेळ बिनमोबदला घरकामात जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटांचा. त्यात नोकरीचे आठ तास मिळवले की आरामाला काय उरते, याचा हिशेब आपणच करावा.

इस्लामने स्त्रीच्या कमाईला कमी लेखलेले नाही. हजरत खदीजा (रजि.) व्यापार करत होत्या. स्त्रियांनी जे कमावले त्यात त्यांचा हिस्सा आहे, असे कुरआन सांगतो (४:३२). आणि प्रेषित (सल्ल.) घरी काय करत, असे विचारल्यावर हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. मग आपल्या घरातल्या पुरुषांनी ताट उचलायला कमीपणा का मानावा?

कुरआनने सल्लामसलतीने कामे करण्याला मोमिनांचा गुण म्हटले आहे (४२:३८). बाळाचे दूध सोडवण्याचा निर्णयही पती-पत्नीने परस्पर संमतीने व मश्वऱ्याने घ्यावा, असे सांगितले आहे (२:२३३). मग दिवसाची कामे वाटून घ्यायला मश्वरा का नको?

हा मश्वरा भांडणाच्या भरात करू नये. इशानंतर, सगळे निवांत असताना बसावे. "मला कोणी मदतच करत नाही" असे म्हटले की समोरचा दुखावतो आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी नेमके सांगावे, "जोहरनंतर असरपर्यंत माझे काम असते. तेवढा वेळ दार आणि मुलं तुम्ही बघा." नमाजच्या वेळा घरात सगळ्यांना ठाऊक असतात, त्यामुळे हे वेळापत्रक लक्षात राहते.

वेगळी खोली नसेल तर एक कोपरा ठरवावा. हेडफोन लावला म्हणजे हाक मारायची नाही, एवढे मुलांनाही कळते. सासूबाईंना एकदा शेजारी बसवून काम काय आहे ते दाखवावे. अनेकदा विरोध नसतो, फक्त माहिती नसते.

पैशांचे बोलणेही टाळू नये. घरखर्चाची जबाबदारी पतीची आहे आणि पत्नीची कमाई तिची स्वतःची. ती राजीखुशीने घरात खर्च करत असेल तर तो तिचा उपकार आहे, हक्काने मागायची गोष्ट नाही.

भगिनींनीही एक पाळावे. ठरलेली वेळ संपली की लॅपटॉप बंद. दस्तरखानवर फोन नको. आपण आपल्या वेळेची कदर केली तरच घर तिची कदर करेल.

आज रात्रीच घरात एकदा बसून बोला. सुरुवातीला दहा मिनिटेही पुरतील.