पिंजऱ्यातील शत्रूची विल्हेवाट

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी निर्माण केलेला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा संगणकावरील खेळ २००६ साली प्रथम सर्वांसाठी उपलब्ध झाला. डोंगर पोखरून त्यात बुटक्या लोकांची वसाहत उभारणे आणि ती टिकविणे, हे या खेळाचे स्वरूप होय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली निवडलेल्या पहिल्या १४ संगणकीय खेळांत त्याचा समावेश होता.

वसाहत संपन्न झाली की गॉब्लिन नावाचे शत्रू तिच्यावर चालून येतात. त्यांना पकडण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे पिंजऱ्याचा सापळा. वसाहतीतील रहिवासी त्यावरून निर्धास्तपणे ये-जा करतात. शत्रूने पाऊल ठेवले की तो मात्र तत्काळ कोंडला जातो. पुढे तो पिंजरा उचलून कोठारात ठेवला जातो. खरी अडचण येथूनच सुरू होते. आतील बंदिवानाची शस्त्रे त्याच्याजवळच असतात, आणि त्याला बाहेर काढण्याचे काम एखाद्या निःशस्त्र गवळ्याच्या किंवा सुताराच्या वाट्याला येऊ शकते. बंदिवान निसटला, तर पहिला बळी त्याचाच. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत अशा एका मृत्यूच्या शोकातून संताप, संतापातून मारामाऱ्या, आणि अखेरीस संपूर्ण वसाहतीचा नाश, अशी परंपरा सुरू होत असे.

म्हणून प्रथम बंदिवानाला निःशस्त्र करावे. त्याच्याजवळील वस्तू टाकून देण्याची खूण केली, की कामकरी त्या बंद पिंजऱ्यातूनच काढून नेतात. मात्र ही खूण खुद्द पिंजऱ्यावर होणार नाही, याची दक्षता घ्यावी.

यानंतर दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग खोल खड्ड्याचा. कामकरी बंदिवानाला बाहेर काढून त्यात ढकलतो. कोठार खड्ड्याच्या अगदी लगत असावे. अंतर जितके अधिक, तितकी निसटण्याची संधी अधिक. उडणाऱ्या प्राण्यांसाठी हा मार्ग अर्थातच व्यर्थ आहे. दुसरा मार्ग खटक्याचा. पिंजरा बंदिस्त दालनात पक्का बसवून दूरच्या खटक्याशी जोडावा. खटका ओढताच पिंजरा उघडतो आणि बंदिवानाजवळ कोणालाही जावे लागत नाही. मग दालनात पाणी सोडता येते, किंवा नवशिक्या सैनिकांचा सराव घेता येतो.

मृत्यूनेही काम संपत नाही. भुयारात कुजणाऱ्या प्रेतांतून दुर्गंधी पसरते आणि रहिवाशांचे मन खिन्न होते. शिवाय मृतांना उठविणारे मांत्रिकही या जगात आहेत.

प्रत्यक्ष जगात युद्धकैद्याची हत्या हा अपराध आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने त्याच्या जीविताला संरक्षण दिले आहे. खेळातील गॉब्लिनला असे कोणतेही संरक्षण नाही. त्याचे काय करायचे, हे सर्वस्वी खेळाडूवर सोपविलेले असते.