समोरच्या काचेवरचा आतला तवंग

मोटारीच्या समोरच्या काचेवर आतल्या बाजूने जो धुरकट थर साचतो, तो धुळीचा नसून मुख्यतः तेलकट पदार्थांचा अत्यंत पातळ तवंग असतो, आणि ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळेच ती काच पुन्हा पुन्हा पुसूनही निवळत नाही. ज्या डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतील रस्ता गुलाबी झाला, तिथे या थराचा दोषही कारखान्यांच्या माथी जावा हे स्वाभाविक आहे. परंतु बाहेरची हवा आणि वाहनांचा धूर यांचा त्यात काही वाटा असला, तरी तवंगाचे मूळ बहुतांशी गाडीच्या आतच, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये असते.

डॅशबोर्डचे आवरण, दारांचे अस्तर आणि आसनांचे कृत्रिम चामडे यांसाठी अनेकदा पीव्हीसी वापरले जाते. हे पीव्हीसी मुळात पाण्याच्या पाइपाइतके कडक असते. ते मऊ आणि लवचीक व्हावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे तेलासारखी जड द्रव रसायने, मिसळतात, आणि ही रसायने प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे उष्णता मिळताच हळूहळू बाहेर पडू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. त्यातून निघालेली वाफ वर चढते आणि बाहेरच्या वाऱ्यामुळे तुलनेने थंड असलेल्या काचेवर पुन्हा द्रवरूप होऊन चिकटते. वाहन उद्योगात या क्रियेला ‘फॉगिंग’ म्हणतात, आणि डीआयएन ७५२०१ या जर्मन मानकानुसार तिची चाचणी करताना प्लॅस्टिकचा तुकडा १०० अंशांवर तापवून, वर २१ अंशांवर ठेवलेल्या काचेवर किती थर बसतो हे मोजले जाते. नव्या गाडीच्या ज्या वासाचे कौतुक होते, तोही अशाच उत्सर्जनाचा वास असल्यामुळे गाडी नवी असताना पहिल्या उन्हाळ्यात हा तवंग विशेष दाट जमतो.

सकाळची लोकल गाठण्यासाठी कल्याण किंवा डोंबिवली स्थानकाच्या आसपास गाडी उघड्यावर लावून संध्याकाळी परतणाऱ्यांच्या गाडीला दिवसभराचे ऊन सोसावे लागते, तर सोसायटीच्या स्टिल्टखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची काच त्या मानाने बरीच स्वच्छ राहते. तवंगात काही सवयीही भर घालतात. डॅशबोर्ड चकचकीत दिसावा म्हणून लावलेले सिलिकॉनयुक्त पॉलिश फडक्यावाटे काचेवर जाते. सुगंधासाठी ठेवलेला कापूर घनरूपातून थेट वायुरूप होतो, ज्याला संप्लवन म्हणतात, आणि तो गार काचेवर पुन्हा सूक्ष्म स्फटिकांच्या रूपाने बसू शकतो. अगरबत्तीच्या आणि सिगारेटच्या धुरातले चिकट कण तर सरळच तिथे साचतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के दृश्य प्रकाश पार झाला पाहिजे, आणि याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मना मनाई केली. तवंगाची अडचण मात्र या मोजणीत फारशी दिसत नाही, कारण तो प्रकाश अडवत नाही, तर त्याचे विकिरण करतो, म्हणजे सरळ येणारा किरण सर्व दिशांना विखुरतो. त्यामुळे दिवसा जेमतेम जाणवणारा थर रात्री समोरच्या हेडलाइटने उजळून निघतो आणि त्यामागचा पादचारी किंवा दिवा नसलेली सायकल दिसेनाशी होते. ज्या घोडबंदर रस्त्यावर आणि मुंब्रा बायपासवर अवजड वाहने रात्री मोठ्या संख्येने धावतात, तिथे ही बाब सौंदर्याची नसून सुरक्षिततेची आहे.

पावसाळ्यात संकट दुणावते. स्वच्छ काचेवर बाष्प पसरट, जवळजवळ पारदर्शक थराने बसते, तर तेलकट काचेवर त्याचे असंख्य सूक्ष्म थेंब होतात आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. श्वासाने काचेवर उमटणाऱ्या अशा आकृत्यांवर लॉर्ड रॅले यांनी १९११ मध्येच लिहिले होते. ओल्या छत्र्यांसह चार माणसे गाडीत बसली की काच काही क्षणांत का धुरकटते आणि एसी लावूनही ती पूर्णपणे का निवळत नाही, याचे बरेचसे उत्तर या तवंगात आहे.

तेलकट थर पाण्याने विरघळत नाही, तो केवळ पसरतो. म्हणून तो आधी विरघळवावा लागतो आणि मग विरघळलेला अंश काचेवर पुन्हा सुकण्यापूर्वी उचलून घ्यावा लागतो. यासाठी सुमारे ७० टक्के तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे ठरते. गाडी सावलीत उभी करून, काच गार झाल्यावर आणि चारही दारे उघडून काम करावे, कारण अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. डॅशबोर्डवर जुना टॉवेल पसरावा आणि द्रव काचेवर न फवारता मायक्रोफायबरच्या फडक्यावर घ्यावा, म्हणजे तो एसीच्या जाळीत किंवा स्क्रीनवर ओघळत नाही. एका वेळी हातभर भाग ओल्या फडक्याने पुसून लगेच दुसऱ्या, पूर्ण कोरड्या फडक्याने टिपावा. फडक्याची घडी दर वेळी बदलणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, कारण मळलेली घडी तोच तवंग पुढच्या भागावर नेऊन सोडते. डॅशबोर्ड आणि काच मिळतात त्या अरुंद सांदीत थर सर्वांत जाड असतो. तिथे तळहात खाली करून, बोटांच्या पाठीवर फडके ठेवून हात आत सरकवला तर काच टोकापर्यंत पुसता येते. आतून उभे आणि बाहेरून आडवे हात मारले, तर राहिलेली रेघ कोणत्या बाजूची आहे हे लगेच ओळखता येते.

सॅनिटायझरच्या जेलमध्ये अनेकदा ग्लिसरीन आणि काही सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेलाचा अंश असल्यामुळे ती वापरू नयेत. फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतलेले फडकेही चिकट अंश मागे ठेवते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने पुसल्यास क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. भांड्यांसाठी वापरली जाणारी राख किंवा रांगोळी काचेला कधीही लावू नये, कारण त्यात काचेहून कठीण कण असू शकतात आणि त्यांनी पडलेला चरा कोणत्याही उपायाने पुसला जात नाही.

काही धूसरपणा मात्र पुसण्याच्या पलीकडचा असतो. समोरची काच दोन काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून बनवलेली असते. हे थर कडेने सुटू लागले की तिथे दुधाळ पट्टा दिसतो आणि काच बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. तसेच नीट साफ केलेल्या काचेवर दोन-चार दिवसांतच चिकट थर परतला आणि गाडीत गोडसर वास येऊ लागला, तर डॅशबोर्डमागील हीटरमधून कूलंट झिरपत असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी फडके बाजूला ठेवून गाडी मेकॅनिककडे न्यावी, कारण कूलंट संपत गेले तर इंजिन तापून निकामी होऊ शकते.