गप्प माउसचा माग

नागपुरात बर्डीवरून नवा माउस आणला, उबंटू लिनक्सच्या संगणकाला लावला, आणि पडद्यावरचा बाण जागचा हलेना. माउस मेला? इतक्यात ठरवू नका. लिनक्समध्ये त्याचं प्रत्येक पाऊल उघड्या डोळ्यांनी बघता येतं!

माउस काढा. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' (sudo dmesg -w) ही आज्ञा चालवा आणि माउस पुन्हा लावा. बहुतेक वेळा ओळ उमटते: नवं 'लो-स्पीड' उपकरण सापडलं. माउस अजून एक अक्षर बोललेला नाही, मग त्याचा वेग कळला कसा? साध्या यूएसबीत माहितीच्या तारा दोनच. संगणकानं दोन्हींवरचा विद्युतदाब शून्याजवळ धरलेला असतो. माउस लागताच त्यातला इवलासा रेझिस्टर एका तारेवरचा दाब वाढवतो. तार कोणती, यावरून वेग ओळखायचा! १९९६ पासूनची ही युक्ती.

नव्या उपकरणाची ओळ आलीच नाही, तर दोष तारेत, पोर्टमध्ये किंवा माउसमध्येच. मधला हब काढा, दुसरं पोर्ट बघा.

आली, तर पुढची गंमत. नवख्या उपकरणाचा पत्ता शून्य असतो. आपल्या नागपूरच्या झीरो माइलसारखी इथलीही मोजणी शून्यापासून. मग त्याला १ ते १२७ मधला क्रमांक मिळतो. त्यानंतर विचारलं की माउसच सांगतो, बटणं किती, चाक आहे का, हालचाल कोणत्या आकड्यांत कळवणार. म्हणून तर कुठल्याही कंपनीच्या साध्या माउसला एकच ड्रायव्हर पुरतो. आणि माउस आपणहून कधीच बोलत नाही! संगणकच त्याला विचारत राहतो, साधारणपणे सेकंदाला १२५ वेळा.

आता माझा सर्वांत आवडता भाग. लिनक्समध्ये माउसही फाइलसारखा वाचता येतो. 'सुडो कॅट /डेव्ह/इनपुट/माइस' लिहा (अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत: sudo cat /dev/input/mice) आणि माउस हलवा. पडद्यावर अगम्य चिन्हं धो धो वाहू लागतील. हीच तुमच्या हाताची हालचाल! दर खेपेला तीन बाइट: बटणं, आडवं अंतर, उभं अंतर. कंट्रोल-सी दाबलं की थांबतं.

चिन्हं वाहताहेत, पण बाण ढिम्म? मग माउस ठणठणीत आहे. बिघाड वरच्या थरात, लिबइनपुट या इनपुट हाताळणाऱ्या लायब्ररीत किंवा डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधा. माउस फेकण्याआधी ही फाइल एकदा नक्की उघडून बघा.