पाळी जाण्याचा काळ आणि घरची औषधं



लागणीची वेळ, खोडव्याची निगा, खताचे हप्ते यांवर आपण या अंकातून नेहमी वाचतो. आजचा विषय घरातला आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला त्यातून जावं लागतं, पण त्याबद्दल घरात कोणी मोकळेपणानं बोलत नाही. हा विषय म्हणजे पाळी जाण्याचा काळ. भगिनींनी हा लेख वाचावाच, पण बंधूंनीही तो वगळू नये. दवाखान्यात कधी जायचं, पैसे कशावर घालायचे हे बहुतेक घरांत पुरुषच ठरवतात.

हे होतं काय?

पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, दोन बाजूंना दोन बीजांडकोश असतात. त्यांतून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक रक्तात मिसळतं. वय वाढतं तसं हे काम मंदावतं. पाळी कधी लवकर, कधी उशिरा येते आणि शेवटी थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं समजायचं. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. तोपर्यंत दिवस राहू शकतात, हेही ध्यानात असू द्यावं.

इस्ट्रोजेन कमी झालं की शरीराचं उष्णतेचं नियंत्रण बिघडतं. एकाएकी छातीपासून तोंडापर्यंत गरम वाफा येतात, दरदरून घाम फुटतो, धडधडतं. रात्री झोप मोडते, मग दिवसा चिडचिड होते. अंग कोरडं पडून जवळ येताना दुखतं, लघवीला जळजळतं. हाडं आतून विरळ होतात, ते मात्र हाड मोडेपर्यंत कळत नाही. हा आजार नव्हे आणि बाईचं नाटक तर मुळीच नव्हे. काहींना वर्षभर, तर काहींना सात-आठ वर्षंही त्रास होतो.

औषधाची परीक्षा कशी घ्यायची?

नवं खत आलं की जाणता शेतकरी सगळ्या रानात टाकत नाही. काही सऱ्यांना टाकतो, काही तशाच ठेवतो आणि मग वजन बघतो. नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून ऊस वाढला, की खतामुळं, हे कसं कळणार? औषधाचंही तसंच. गरम वाफा बऱ्याच वेळा आपोआप कमी होतात, आणि औषध घेतल्याच्या समाधानानंही कमी होतात. म्हणून निम्म्या स्त्रियांना खरं औषध व निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं औषध देऊन तुलना करावी लागते.

अमेरिकेत २०११ साली जवसाची अशी परीक्षा १८८ स्त्रियांवर झाली. जवस खाणाऱ्या तिघींपैकी साधारण एकीचा त्रास निम्म्यानं उतरला. पण जवस नसलेली वडी खाणाऱ्यांतही तेवढ्याच जणींना आराम पडला! परदेशात 'ब्लॅक कोहोश' या मुळीचा फार बोलबाला आहे. तिची परीक्षा ३५१ स्त्रियांवर झाली. २००६ साली तिचा निकाल लागला. वर्षभर देऊनही खोट्या गोळीपेक्षा जास्त गुण आला नाही.

मग आपल्याकडची औषधं?

शतावरी : बायकांचं औषध म्हणून हिचं नाव फार जुनं आहे. चूर्णाची नेहमीची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. अलीकडे हिच्या काही लहान परीक्षा झाल्या आहेत, पण खात्रीनं सांगावं इतका पुरावा अजून नाही. बाजारच्या शतावरी कल्पात मात्र साखर भरपूर असते. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिणं गमतीचं दिसेल, पण जिला मधुमेह आहे तिनं कल्प नको, साधं चूर्ण वैद्याला विचारून घ्यावं.

अश्वगंधा : २०२१ साली आपल्याच देशात शंभर स्त्रियांवर आठ आठवड्यांची परीक्षा झाली आणि त्रास थोडा कमी झालेला दिसला. परीक्षा लहान, मुदतही थोडी. थायरॉईडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अशोक : अशोकारिष्ट हे पाळीत जास्त जाण्यावरचं औषध आहे, गरम वाफांवरचं नव्हे. शाळेच्या आवारात उंच, सरळसोट वाढणारा 'अशोक' वेगळा. औषधाचा तो सीतेचा अशोक, त्याला नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस येतात. खोट्या अशोकाची साल खऱ्यात मिसळण्याचे प्रकार होतात. साल घरी उकळून पिण्याच्या भानगडीत पडू नये.

सोयाबीन : यातला एक घटक इस्ट्रोजेनसारखं थोडं काम करतो. काही परीक्षांत वाफा थोड्या कमी झाल्या, काहींत नाही. पीठ दळताना मूठभर मिसळलं तर प्रथिनं तरी नक्की मिळतात.

जवस आणि तीळ : वाफांवर जवस चालला नाही, तरी दिवसाला एक-दोन चमचे चटणी खायला हरकत नाही, पोट साफ राहतं. न सोललेले तीळ आणि नाचणी यांत कॅल्शियम चांगलं असतं. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळतं. बाकीचं दूध, ताक, पालेभाजीतून भरून काढावं. तंबाखू आणि मशेरी सोडावी.

ज्येष्ठमध : बायकांच्या कित्येक टॉनिकांत हा असतो. फार दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईनं यातलं काहीही आपल्या मनानं सुरू करू नये. डबीवर घटक, कंपनीचा पत्ता व परवाना क्रमांक नसेल, तर ते औषध बाजारात फुकट मिळालं तरी घेऊ नये.

त्रास फार असेल तर

त्रास सोसत बसण्याचं कारण नाही. डॉक्टरांकडे संप्रेरकाच्या गोळ्या आहेत, गरम वाफांवर त्यांच्याइतका गुण दुसऱ्या कशालाच नाही. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या परीक्षेनंतर या गोळ्यांची भीती पसरली. पुढे आकडे पुन्हा तपासल्यावर दिसलं की साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला बहुधा धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. कॅन्सर किंवा रक्ताची गाठ झालेल्यांना मात्र त्या चालत नाहीत. संप्रेरक नसलेल्याही गोळ्या आहेत.

दोन गोष्टी कधीही विसरू नका

पहिली : पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, थेंबभर का असेना, तर काढा नको, चूर्ण नको, अरिष्ट नको. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूणही हीच असते, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. इथं घरगुती औषधात घालवलेले महिने जिवावर बेततात.

दुसरी : साध्या तक्रारीसाठी पिशवी काढू नका. हे आपल्या धंद्याशी जोडलेलं दुखणं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. २०१९ साली शासनाच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पुष्कळ जणी ऐन तिशीतल्या. खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही; वर कोणीतरी कॅन्सरची भीती घातलेली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले की त्या बाईची पाळी एका दिवसात जाते, आणि म्हातारपणाची हाडं तिला तरुणपणीच मिळतात. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर सोनोग्राफीचा कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या. आपल्या फडात येणाऱ्या टोळीतल्या बाईलाही हे सांगा. तिनं तोडलेला ऊसच आपल्या वजनकाट्यावर येतो.

माती तपासल्याशिवाय आपण खताचा हप्ता ठरवत नाही. घरच्या बाईच्या तब्येतीलाही तोच न्याय लावू या. रक्तदाब, रक्तातली साखर, थायरॉईड व हिमोग्लोबीन एकदा तपासून घ्यावं, शतावरी-अश्वगंधेचं त्यानंतर बघावं. आणि ती रात्री उठून दार उघडून ओट्यावर बसली, तर "काय झालं?" एवढं तरी विचारावं.